रोज चालू होणारी गाडी

गेल्या वर्षी जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी सव्वादोनच्या सुमारास, युसुफ इनामदार यांची पांढरी पेट्रोल गाडी वाकडेवाडीच्या सिग्नलपाशी बंद पडली. गाडीत ते स्वतः आणि त्यांच्या पत्नी रझिया होत्या. दोघे खडकीहून सातारा रस्त्यावरच्या, कात्रजच्या अलीकडच्या एका रुग्णालयाकडे निघाले होते. रझियाभाभींसाठी किडनी उपलब्ध होण्याची शक्यता आहे, लगेच या, असा फोन त्यांना एक वाजून चाळीस मिनिटांनी आला होता. त्याआधी चारच दिवस, रविवारी, ती गाडी मी तपासली होती आणि ठीक असल्याचं सांगितलं होतं.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. एकतीस वर्षं, बोपोडीत, एकाच गाळ्यात. सुरुवातीला काम असायचं ते स्टार्टर, डायनॅमो, हॉर्न आणि दिव्यांचं. उंदरांचं काम गेल्या दहा-बारा वर्षांतलं. पूर्वी गाडीत वायर कमी होत्या आणि गाड्या फार वेळ उभ्या राहत नव्हत्या. आता दोन्ही उलट झालं आहे. शेवटच्या काही वर्षांत गाळ्यावर येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्यांचं दुखणं एकच असायचं, आणि मालकाचं पहिलं वाक्यही एकच असायचं, "आमच्याकडे उंदीर नाहीत."

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. उंदीर वायर खात नाही, कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवले नाहीत तर त्याला जगता येत नाही. वायरवरचं आवरण त्याला सोयीचं पडतं. नव्या गाड्यांच्या आवरणात सोयाबीन असतं म्हणून उंदीर येतात, असं बरेच जण सांगतात. मला ते पडताळता आलेलं नाही. जुन्या गाड्यांच्या वायरही मी कुरतडलेल्या पाहिल्या आहेत.

प्राणी तीन. उंदीर चाकावरून किंवा खालच्या पट्टीवरून वर चढतो आणि इंजिनच्या मागच्या बाजूला घर करतो. घूस खालून येते आणि रबरी नळीही सोडत नाही. चिचुंद्री वायरला तोंड लावत नाही, तिला किडे लागतात. पण बॉनेट उघडल्यावर समोर दिसते तीच, त्यामुळे मार बहुतेक वेळा तिलाच बसतो.

घरट्यात काय सापडतं याची यादी कुणी केली तर पुण्याची ओळख होईल. कर्वेनगरच्या एका गाडीत फुलवातींचं आख्खं घरटं होतं, देवघरातून एकेक करून आणलेल्या. औंधच्या गाडीत कोंबडीची हाडं निघाली तेव्हा मालक म्हणाले, "आमची नाहीत. आम्ही घरात करत नाही." त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "घरात करत नाही, बरोबर. पार्सल आणतात."

उपाय सगळे लोकांना माहीत असतात. तंबाखूची पुरचुंडी, डांबराच्या गोळ्या, फिनेलचा बोळा, जाळी, आवाज करणारं यंत्र, आणि गाडी लावल्यावर बॉनेट उघडं ठेवणं. उंदराला अंधार लागतो, म्हणून शेवटचा उपाय बऱ्यापैकी चालतो. बाकीच्यांचं मी छातीठोक काही सांगणार नाही. एरंडवण्यातल्या एक निवृत्त डॉक्टरबाई होत्या. त्यांच्या गाडीत मी दोन महिन्यांत तीनदा तंबाखू बांधला. तिसऱ्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, "देवकर, तुम्ही कोणत्या वारी येता तेवढं सांगून ठेवा. म्हणजे मी उंदरांना तसं कळवते." बाणेरचं एक तरुण जोडपं नवी गाडी टोइंगच्या ट्रकवर घालून घेऊन आलं होतं. दोघेही घरून काम करणारे. "काका, कार एकदम न्यू आहे. सिक्स मंथ्समध्ये आम्ही टच पण नाही केली," तो मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "तेच झालं आहे." आणि एका भाद्रपदात धनकवडीच्या एका गृहस्थांनी औषध घालायला मनाई केली, दहा दिवस बाप्पाचं वाहन आहे म्हणून. तुमच्या वाहनाचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्याचं अकराव्या दिवशी बघू."

या सगळ्यावरून आमच्या धंद्यात एक ढोबळ नियम झाला होता. गाडी उभी असेल तर उंदीर समजायचा आणि मागची बाजू उघडायची. गाडी रोज रस्त्यावर असेल तर उंदीर नाही असं धरायचं आणि दुसरीकडे शोधायचं. मागची बाजू म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधली पत्र्याची भिंत. तिला चिकटून वायरिंगचा मुख्य जुडगा जातो. तिथे हात घालायचा तर एअर फिल्टरचा डबा आणि काचेखालची प्लास्टिकची पट्टी काढावी लागते, वायपरसकट. दोन-अडीच तास जातात. म्हणून गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारायचा आणि मग पाना हातात घ्यायचा. प्रश्न मी वर्षानुवर्षं एकाच शब्दांत विचारत आलो. "गाडी रोज चालू असते ना?"

इनामदार साहेबांना मी जुजबी ओळखत होतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, एकाहत्तर वर्षांचे, उंच, बोलायला मोजके. घराणं पुण्यातलंच, चार पिढ्यांचं. खडकी स्टेशनच्या पलीकडे दुमजली इमारतीत राहायचे. गाडी जिन्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असायची. मुलगा बंगळूरला. ती गाडी त्याचीच, जाताना वडिलांकडे ठेवून गेला होता.

रविवारी त्यांचा फोन आला तो इंजिनच्या दिव्याबद्दल. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा मधूनच लागत होता आणि मधूनच जात होता. मी अकराला पोहोचलो. गाडी धुतलेली, टायरमध्ये हवा बरोबर, टाकी भरलेली. बॉनेट उघडलं तर वरून सगळं स्वच्छ होतं. लेंडी नाही, वास नाही.

"गाडी रोज चालू असते ना?" मी विचारलं.

"रोज," ते म्हणाले. "एक दिवस खाडा नाही."

मी बॅटरीची टोकं साफ केली. एका सेन्सरच्या जोडणीत गंज दिसला, तो काढला. दिवा गेला. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, आवाज एकसारखा होता. चक्कर मारायला हवी होती. दापोडीत दुसरं गिऱ्हाईक थांबलं होतं, म्हणून मारली नाही.

"कुठे लांब जायचं झालं तर?" त्यांनी विचारलं.

"बिनधास्त जा."

मी हत्यारं भरत असताना रझियाभाभी खाली आल्या, चहा घेऊन. डाव्या हाताला कोपराखाली पट्टी होती. त्या आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, केंद्र तिथून चालत सात-आठ मिनिटांवर आहे, रिक्षाने गेलं तर तीन, हे मला तेव्हा कळलं. किडनीसाठी नाव नोंदवून दोन वर्षं होत आली होती. फोन कधीही येऊ शकतो, आला की तासा-दीड तासात पोहोचायचं, एकाच वेळी दोघा-तिघांना बोलावतात, असं त्यांनी सांगितलं. गाडी त्यासाठीच आहे, हे त्यांच्या यजमानांनी सांगितलं. "ऐनवेळी टॅक्सी मिळाली नाही, रस्ते बंद असले, असं काही नको," ते म्हणाले. मी मान हलवली. गाडी त्यासाठीच असेल तर ती रोज कुठे जाते, हा प्रश्न मला पडला नाही.

गुरुवारी इंजिन नेहमीसारखं चालू झालं. गाडी शेडमधून निघाली, जुन्या मुंबई रस्त्याला लागली आणि वाकडेवाडीला सिग्नल सुटताना बंद पडली. दोन वाजून अठरा मिनिटांनी त्यांनी मला फोन केला. फोनमधली नोंद माझ्याकडे आहे.

"देवकर, गाडी बंद पडली. रिक्षा करू का?"

मी म्हटलं, "रिक्षा कशाला, साहेब. पाच मिनिटं थांबा आणि परत मारा. होईल चालू."

झाली. दोनशे मीटर गेली आणि पुन्हा बंद पडली. दुसरा फोन दोन एकोणतीसला. मी म्हटलं, "जागेवरच थांबा. मी निघालो. आल्याबरोबर चालू करून देतो." स्कूटरवरून मला पोहोचायला चोवीस मिनिटं लागली. भाभी पुढच्या सीटवर बसून होत्या, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. इनामदार साहेब बाहेर उभे राहून हाताने मागच्या गाड्यांना बाजूने जायला सांगत होते. मी बॉनेट उघडलं, फ्यूज पाहिले, वायरिंग हाताने हलवलं. इंजिन चालू झालं, वीस सेकंद राहिलं, गेलं. पुन्हा तसंच. मी आणखी पंधरा-सोळा मिनिटं घेतली.

भाभींनी काच खाली केली. "देवकरभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचं चालू राहू द्या. आम्ही जातो."

तीन वाजून दहा मिनिटांनी मी रस्त्यावर आडवा होऊन रिक्षा थांबवली. पहिल्या बिघाडापासून पंचावन्न मिनिटं गेली होती. स्वारगेटच्या पुढे गर्दी होती. ते रुग्णालयात सव्वाचारला पोहोचले.

त्या दिवशी तिघांना बोलावलं होतं. किडनी दुसऱ्या एका रुग्णाला बसवली गेली. इनामदारांना तिथल्या समन्वयक बाईंनी सांगितलं की त्या रुग्णाची जुळणी जास्त चांगली होती, उशिराचा संबंध नाही. हे खरं आहे का, ते मी शोधायचा प्रयत्न केला. पुढच्या आठवड्यात त्या बाईंना फोन केला. दुसऱ्या रुग्णाची माहिती देता येत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. इनामदार साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. "बाई चांगल्या आहेत," ते म्हणाले. "चांगला माणूस असंच सांगणार."

शुक्रवारी गाडी ओढून गाळ्यावर आणली. इनामदार साहेब बरोबर आले. स्टूल दिलं तरी बसले नाहीत. मी वायपर काढले, पट्टी काढली, फिल्टरचा डबा काढला. मागच्या भिंतीवर उष्णता अडवणारी जाड गादी असते. तिला वीतभर भोक होतं. आत कापूस, गोणपाटाचे धागे आणि जुन्या वर्तमानपत्राचा भुगा, व्यवस्थित गोल केलेला. शेजारून वायरिंगचा जुडगा जात होता. त्यातल्या अकरा वायर कुरतडलेल्या होत्या. पूर्ण तुटलेली एकही नव्हती, सातांचं तांबं उघडं पडलं होतं. इंजिनची गती कळवणारी वायर दोन-तीन तारांवर लोंबत होती. गाडी जागेवर उभी असताना त्या तारा टेकत. गाडी रस्त्यावर हलली की सुटत.

त्यांनी वाकून एकेक वायर पाहिली. मग म्हणाले, "हे किती दिवसांचं आहे?"

"दीड-दोन महिन्यांचं. थंडी सुरू झाल्यापासूनचं असावं." मी विचारलं, "साहेब, गाडी शेवटची बाहेर कधी काढली होती?"

"बाहेर? दिवाळीच्या आधी. सर्व्हिसिंगला."

"तुम्ही तर म्हणालात, रोज चालू असते."

"असतेच. सकाळी फज्रची नमाज झाली की खाली येतो, चालू करतो, पाच मिनिटं ठेवतो, बंद करतो. मुलाने सांगितलं होतं, पप्पा, रोज चालू करत जा, नाहीतर बॅटरी बसेल. एक दिवस खाडा नाही. बाहेर काढून कुणी ठोकली असती तर? म्हणून काढत नव्हतो. फोन आला त्या दिवशी ती जागेवर हवी होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग?"

"चालवता का, असं मी विचारायला हवं होतं."

पुण्यातल्या निम्म्या घरांत गाडी अशीच चालू असते, हे मला माहीत होतं. निवृत्त माणसं सकाळी खाली येतात, किल्ली फिरवतात, पाच मिनिटं शेजाऱ्याशी बोलतात, किल्ली घेऊन वर जातात. बॅटरीलाही त्याने फारसा फायदा होत नाही. स्टार्टर जेवढं घेतो तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. फायदा होतो तो उंदराला. इंजिन कोमट होतं, जागेवरून हलत नाही आणि दिवसभर थोडी ऊब धरून ठेवतं. हे सगळं मी गिऱ्हाइकांना कितीदा तरी समजावून सांगितलं आहे. तरी प्रश्न विचारताना माझ्या डोक्यात 'चालू' म्हणजे रस्त्यावर, आणि त्यांच्या डोक्यात 'चालू' म्हणजे किल्ली फिरवली, हे माझ्या लक्षात आलं नाही. मीटरवरचा आकडा आणि सर्व्हिसिंगच्या कागदावरचा आकडा शेजारी ठेवले असते तरी कळलं असतं. कागद पुढच्या कप्प्यातच होता.

इनामदार साहेब म्हणाले, "आमच्या कारखान्यात 'बंद' आणि 'सुरक्षित' असे दोन वेगळे शब्द होते. मशीन बंद आहे म्हटलं की साहेब विचारायचे, सुरक्षित आहे का ते सांग. अडतीस वर्षं तो फरक पाळला." मग ते स्टुलावर बसले.

मी वायर मोजत राहिलो.

जुडगा जोडण्यासारखा नव्हता, निदान या गाडीत तरी. जोड म्हणजे पुढचा बिघाड. नवा मागवला, यायला नऊ दिवस लागले, बसवायला तीन. गादी बदलली, खालून बारीक पोलादी जाळी मारली. या वेळी चक्कर मारली. बोपोडीहून संगमवाडी, तिथून विमानतळाच्या बाजूने परत. दुसऱ्या दिवशी खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो, एकटाच. दिवा लागला नाही.

गाडी द्यायला गेलो तेव्हा दोघेही खाली आले. मी सांगितलं, रोज नुसती चालू करू नका. दिवसाआड तरी बाहेर काढा, आठ-दहा किलोमीटर.

"ऐकलंत का?" भाभी यजमानांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "माझंही यांनी तेच करून ठेवलंय, देवकरभाऊ. सकाळी उठवायचं, पाच मिनिटं उभी करून बघायचं, परत झोपवायचं. कुठे न्यायचं नाही, काही झालं तर म्हणून."

"बरं, बरं," इनामदार साहेब म्हणाले.

"उंदरांनासुद्धा कळलं होतं ही गाडी कुठे जाणार नाही. फक्त यांनाच माहीत नव्हतं."

त्यानंतर ते दिवसाआड गाडी काढू लागले. भाभींना बरोबर घेऊन औंध रस्त्याने जायचे आणि विद्यापीठ चौकातून वळून परत यायचे. डायलिसिसच्या दिवशी नाही. महिन्यातून एकदा मी जाऊन जाळी पाहायचो. एप्रिलमध्ये एकदा जाळीच्या कडेला दातांच्या खुणा दिसल्या, आत काही नव्हतं. प्रत्येक वेळी इनामदार साहेब शेजारी उभे राहायचे आणि मी बॉनेट लावलं की एकच प्रश्न विचारायचे, "जाईल ना?" मी जाईल म्हणायचो. ते मान हलवायचे. जानेवारीतल्या त्या रविवारी मी 'बिनधास्त जा' म्हटलं होतं तेव्हाही त्यांनी तशीच मान हलवली होती, त्यामुळे त्या हलण्यावरून काही कळायचं नाही.

मी माझा प्रश्न बदलला. उरलेल्या दिवसांत प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं, गाडी शेवटची बाहेर कधी काढली आणि कुठे नेली. लोक चिडायचे. एरंडवण्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी पोलिसांनाही एवढं सांगत नाही." पण सांगायचे. दहातले सहा-सात जण आधी रोज चालू असते म्हणायचे आणि मग आठवून सांगायचे, मागच्या महिन्यात, भाचीच्या साखरपुड्याला. या वर्षी मार्चमध्ये मी गाळा बंद केला. कंबर वाकत नाही आणि नव्या गाड्यांच्या जुडग्यात हात जात नाही.

रुग्णालयातून दुसरा फोन गेल्या वर्षीच जूनमध्ये आला, मंगळवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. हे मला तिसऱ्या दिवशी इनामदार साहेबांनी सांगितलं, फोनवर. जाळी मी त्याच्या आदल्या आठवड्यात पाहिली होती. शेडमध्ये गाडी तयार होती, टाकी भरलेली होती. त्यांनी मला विचारलं नाही. ते रस्त्यावर गेले, रिक्षा थांबवली आणि भाभींना त्यात बसवलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते पोहोचले. त्या दिवशी दोघांना बोलावलं होतं. संध्याकाळी रझिया इनामदार यांना किडनी बसवण्यात आली.